विकलेले चित्र आणि न विकलेला हक्क

मा. कला संचालक, महाराष्ट्र राज्य, यांस खुले पत्र

महोदय,

महाराष्ट्रात दृश्यकलेच्या औपचारिक शिक्षणाला दीड शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून जे. जे. कलाशाळा सुरू झाली, १९६५ मध्ये राज्याचे स्वतंत्र कला संचालनालय अस्तित्वात आले, आणि आज तालुक्याच्या गावातील शाळकरी मुलालाही एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे संचालनालयाचे नाव ठाऊक असते. या व्यवस्थेने वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, व्यक्तिचित्रण आणि शिल्प यांचे जे शिक्षण दिले, त्याचे ऋण मान्य करूनच एका उणिवेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. कलाकृती पूर्ण झाल्यानंतर ती कोणत्या अटींवर दुसऱ्याच्या हाती जाते, त्या व्यवहारात कलावंताकडे काय उरते, त्याला पैसे केव्हा आणि कशाच्या आधारावर मागता येतात, हे प्रश्न वर्गात क्वचितच निघतात. पदविका घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी त्यांची उत्तरे शिकतो तेव्हा बहुधा त्याचे नुकसान होऊन गेलेले असते. कलावंताच्या विपन्नावस्थेचे खापर समाजाच्या अनास्थेवर फोडण्याची सवय मराठी समाजात जुनी आहे. अनास्था खरीच आहे. परंतु कलावंताच्या तुटपुंज्या उत्पन्नाचा मोठा भाग लेखी न झालेल्या आणि अर्धवट समजलेल्या व्यवहारांतून निर्माण होतो, असे या पत्राचे प्रतिपादन आहे. समाजाची अनास्था घालवणे संचालनालयाच्या हाती नसेल, पण हे अज्ञान घालवणे निश्चितच आहे.

या उणिवेचे एक मूळ कलाशिक्षणाच्या रचनेत सापडते. जे. जे. कलाशाळेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. जाहिरात, मुद्रण, वेष्टन यांसारख्या क्षेत्रांना प्रशिक्षित माणसे मिळण्याच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते, परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की व्यवसाय हा उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांचा विषय आणि चित्रकार-शिल्पकार मात्र त्यापलीकडचे, अशी समजूत शिक्षकांत आणि विद्यार्थ्यांत सारखीच रुजली. वास्तविक चित्रकारालाही किंमत ठरवावी लागते, मागणीनुसार काम घ्यावे लागते, मुदत पाळावी लागते आणि थकलेल्या पैशांसाठी तगादा लावावा लागतो. फरक इतकाच की जाहिरात संस्थेतील चित्रकाराच्या पाठीशी हिशेब विभाग असतो आणि स्वतंत्र चित्रकार त्याच कामासाठी एकटा असतो. शाळेतील कलाशिक्षकाच्या पगारामुळे कित्येक पिढ्यांना हा एकटेपणा फारसा जाणवला नाही, कारण घर पगारावर चालत असे आणि चित्रांचे पैसे वरचे धरले जात. तशा नोकऱ्या आता सहज मिळत नाहीत, आणि म्हणून चित्रांचा व्यवहार हाच अनेकांच्या चरितार्थाचा मुख्य आधार होऊ लागला आहे.

त्या व्यवहारातील पहिली गोष्ट अशी की एका चित्रात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष कॅनव्हास, जो भिंतीवर टांगता येतो, वारसांना देता येतो किंवा पुन्हा विकता येतो. दुसरी म्हणजे कॉपीराइट अथवा प्रताधिकार, म्हणजे त्या चित्राच्या प्रती काढण्याचा, ते छापण्याचा, कॅलेंडरवर, मुखपृष्ठावर किंवा कपड्यावर वापरण्याचा आणि तसे करण्याची परवानगी इतरांना देण्याचा हक्क. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हा हक्क कलावंताच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि सामान्यतः त्याचा पहिला मालक चित्र काढणारा स्वतः असतो. कलावंताने स्वतःच्या इच्छेने काढलेले चित्र कोणी विकत घेतले, तर केवळ कॅनव्हासची मालकी बदलते. प्रती काढण्याचा हक्क लेखी हस्तांतराशिवाय बदलत नाही. अशा हस्तांतराविषयी कायद्याचे कलम १९ कलावंताच्या बाजूने पुष्कळच उदार आहे. हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीसह असले पाहिजे. त्यात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मोबदल्यात दिले हे नमूद असले पाहिजे. काळ लिहिलेला नसेल तर तो ५ वर्षांचा आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरताच मानला जातो. एवढेच नव्हे, घेणाऱ्याने तो हक्क एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळे काही ठरले नसल्यास, त्या हक्कापुरते हस्तांतर संपुष्टात येते. या एका कलमावर वर्गात एक तास झाला तरी विद्यार्थ्याचे आयुष्यभराचे नुकसान टळू शकते.

यापुढचा भाग अधिक काळजीने पाहण्यासारखा आहे, कारण तेथे कायद्याची दिशा उलटी होते. कलम १७ मध्ये काही अपवाद सांगितले आहेत. कलावंत नोकरीत असेल आणि नोकरीचा भाग म्हणून काम करीत असेल, तर प्रताधिकाराचा पहिला मालक त्याचा नियोक्ता ठरतो, हे सहसा माहीत असते. फारसा माहीत नसलेला अपवाद असा की एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेले चित्र किंवा व्यक्तिचित्र असेल, तर उलट करार नसल्यास काम सांगणारी व्यक्तीच प्रताधिकाराची पहिली मालक होते. महाराष्ट्रातील चित्रकारांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा याच प्रकारातून येतो. संस्थापकाचे तैलचित्र, बँकेच्या सभागृहासाठी पॅनेल, मंदिरातील चित्रमालिका, कादंबरीचे मुखपृष्ठ, दिवाळी अंकाचे रंगीत आवरण ही सर्व सांगून करवून घेतलेली कामे असतात. तोंडी बोलणी होतात, थोडी रक्कम आगाऊ मिळते, काम पोहोचते आणि उरलेली रक्कम यथावकाश येते. या सगळ्यात प्रताधिकाराचा उच्चारही होत नाही, आणि उच्चार न होणे हीच कायद्याच्या दृष्टीने कलावंताची संमती ठरते. मुखपृष्ठाचे चित्र पुढे दहा आवृत्त्यांवर, जाहिरातींत आणि ध्वनिपुस्तकाच्या आवरणावर वापरले गेले तरी चित्रकाराला काही मागता येत नाही, किंवा मागण्यासाठी लांबलचक वाद घालावा लागतो. शाईतील रेखाटनांचा या अपवादात स्पष्ट उल्लेख नाही, त्यामुळे तेथे वादाला जागा राहते; पण वादाला जागा असणे हा तुटपुंज्या मानधनावर जगणाऱ्याला आधार होऊ शकत नाही. ‘या चित्राचा प्रताधिकार चित्रकाराकडे राहील आणि प्रस्तुत मानधन केवळ पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी आहे’ एवढे एक वाक्य काम स्वीकारतानाच्या चिठ्ठीत असले, तर तोच उलट करार ठरतो. त्यासाठी वकिलाची गरज नसते, मुद्रांकाच्या कागदाची नसते. गरज असते ते वाक्य लिहिले पाहिजे हे माहीत असण्याची.

या एका अलिखित वाक्याने आणखी एक हक्क हातातून जातो, आणि त्याविषयी कलाविश्वातही फार कमी बोलले जाते. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५३-अ आले. त्यानुसार मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाचित्र १०,००० रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीतील काही वाटा कलावंताला किंवा त्याच्या वारसांना मिळण्याचा हक्क आहे. प्रताधिकार दुसऱ्याला दिलेला असला तरी हा हक्क टिकतो आणि प्रताधिकाराच्या मुदतीएवढा काळ चालतो. मात्र कलावंत कलम १७ नुसार पहिला मालक असला पाहिजे, अशी अट आहे. म्हणजे सांगून करवून घेतलेल्या चित्राच्या चिठ्ठीत ते एक वाक्य राहिले, तर पुनर्मुद्रणाचे उत्पन्न जाते आणि पुनर्विक्रीतील वाटाही जातो. पुनर्विक्रीतील वाट्याची कल्पना फ्रान्समध्ये १९२० मध्ये कायद्यात आली, युरोपीय संघाने २००१ च्या निर्देशाने ती सर्व सदस्यदेशांत लागू करण्याचे ठरवले, आणि तिच्यामागील कारण अगदी व्यवहारी आहे. लेखकाची कादंबरी गाजली तर प्रत्येक आवृत्तीबरोबर त्याचे मानधन वाढते, पण चित्रकाराचे नाव गाजते तेव्हा त्याची सुरुवातीची चित्रे इतरांच्या ताब्यात असतात आणि वाढलेल्या किमतीचा सर्व लाभ त्यांनाच होतो.

मकबूल फिदा हुसेन यांच्या ‘ग्राम यात्रा’ या चित्राचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९५४ मधील हे चित्र त्याच वर्षी दिल्लीत आलेल्या एका परदेशी डॉक्टरांनी सुमारे १,४०० रुपयांना घेतले, पुढे ते ऑस्लोतील रुग्णालयाकडे गेले, आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथे क्रिस्टीजच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. विक्री अमेरिकेत झाली आणि तेथील संघराज्याच्या कायद्यात पुनर्विक्रीचा हक्कच नाही, म्हणून त्या रकमेवर भारतीय कायद्याचा प्रश्न येत नाही. परंतु भारतातही किमती त्याच दिशेने गेल्या आहेत. नागपूरला जन्मलेल्या आणि जे. जे. मध्ये शिकलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या १९७० मधील एका चित्राला सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६७ कोटी रुपयांहून अधिक किंमत मिळाली. गायतोंडे २००१ मध्ये निवर्तले आणि दिल्लीतील त्यांचे दीर्घ वास्तव्य अत्यंत साधेपणात गेले, हे मराठी कलारसिकांना ठाऊक आहे. कायद्याने पुनर्विक्रीतील वाट्याची कमाल मर्यादा १० टक्के ठेवली आहे. पण प्रत्यक्ष टक्केवारी ठरवण्याचे काम आधी कॉपीराइट मंडळाकडे, मग बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे आणि २०२१ मध्ये ते मंडळ रद्द झाल्यावर वाणिज्य न्यायालयांकडे गेले, आणि या प्रवासात हक्क कागदावरच राहिला. वाटा गोळा करणारी संस्था नाही, विक्रीची माहिती कलावंताला कळवण्याचे बंधन नाही, आणि ७०,००० रुपयांना पुन्हा विकल्या गेलेल्या चित्राच्या वाट्यासाठी कोणता चित्रकार न्यायालयात जाईल? याचा तोटा देशाबाहेरही होतो. कॉपीराइटविषयक आंतरराष्ट्रीय बर्न कराराप्रमाणे हा हक्क परस्परतेच्या तत्त्वावर चालतो, म्हणजे ज्या देशात तो परदेशी कलावंतांना मिळतो त्याच देशाच्या कलावंतांना तो इतरत्र मागता येतो. भारतातील तरतूद निद्रिस्त राहिली, तर पॅरिस किंवा लंडन येथे पुन्हा विकल्या जाणाऱ्या भारतीय चित्रांच्या वाट्याचा आग्रहही दुबळा पडतो.

मोठ्या लिलावांची उदाहरणे डोळे दिपवतात, म्हणून सर्वसामान्य चित्रकाराच्या जमाखर्चाकडे वळणे अधिक हिताचे. मुंबईचे जहांगीर कलादालन १९५२ मध्ये सुरू झाले आणि तेथे प्रदर्शन भरवण्यासाठी आजही कित्येक वर्षे प्रतीक्षा करावी लागते. भाड्याचे दालन असो वा कमिशनवर चालणारी खासगी गॅलरी असो, खर्चाचे गणित विद्यार्थ्याला आधी कोणी करून दाखवत नाही. समजा, कोल्हापूरच्या एका चित्रकाराने २० चित्रे प्रदर्शनात मांडली, प्रत्येकाची किंमत ६०,००० रुपये ठेवली आणि गॅलरीचे कमिशन ४० टक्के ठरले; खासगी गॅलऱ्यांत ते साधारण एक तृतीयांश ते निम्मे असते. कॅनव्हास, रंग आणि फ्रेम यांचा खर्च दर चित्रामागे ११,००० रुपये धरला, तर २० चित्रांचा खर्च २,२०,००० रुपये होतो. त्यांतील ६ चित्रांवर विकल्याची लाल टिकली लागली, तर कमिशन वजा जाता चित्रकाराच्या हाती २,१६,००० रुपये येतात. वाहतूक, माहितीपत्रक, मुंबईतील मुक्काम आणि वर्षभराचे श्रम यांचा पैसाही न धरता हे प्रदर्शन तोट्यात जाते, आणि तरीही सहा चित्रे खपली म्हणून त्याचे अभिनंदन होते. न विकलेल्या १४ चित्रांचा खर्च विकलेल्या ६ चित्रांनीच भरून काढायचा असतो, ही गोष्ट किंमत ठरवताना ध्यानात घेतली जात नाही. किंमत ठरवण्याची नेहमीची रीत म्हणजे शेजारच्या दालनातील चित्राकडे पाहणे किंवा चौरस इंचाचा भाव लावणे. स्वतःच्या वार्षिक खर्चापासून सुरुवात करून वर्षाला साधारण किती चित्रे विकली जातात त्यावरून आकडा काढण्याची रीत शिकवावी लागते, ती आपोआप सुचत नाही.

गॅलरीशी होणारा व्यवहार बहुतेक वेळा कन्साइनमेंटचा असतो. म्हणजे चित्र गॅलरीच्या ताब्यात जाते, पण विक्री होईपर्यंत मालकी चित्रकाराचीच राहते. मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा असल्यामुळे येथे कागदाची गरज सर्वाधिक असते आणि नेमका येथेच तो नसतो. चित्रे टेम्पोत चढतात, एखादी यादी मोबाइलवर पाठवली जाते आणि पुढे दोन-दोन वर्षे चित्र कोठे आहे हे विचारण्याचाही संकोच वाटतो. साध्या पावतीत चित्राचे नाव, माध्यम, आकार, वर्ष, किंमत आणि कमिशन यांच्याबरोबर चित्र किती महिने गॅलरीकडे राहील, वाहतुकीत किंवा गोदामात इजा झाल्यास भरपाई कोणी करायची, आणि विक्रीनंतर किती दिवसांत पैसे द्यायचे हे लिहिलेले असावे. ग्राहकाला दिलेली सूट कोणाच्या हिश्शातून जाईल हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण जुन्या ग्राहकाला १० किंवा १५ टक्के सूट देणे हा गॅलऱ्यांचा रिवाज आहे, आणि आधी ठरलेले नसेल तर ती सूट चित्रकाराच्याच वाट्यातून कापली जाते. विकत घेणाऱ्याचे नाव चित्रकाराला कळवण्याची अटही पावतीत हवी. गॅलऱ्या ती सहसा टाळतात, कारण ग्राहक थेट चित्रकाराकडे जाईल ही त्यांची भीती असते, आणि ती भीती निराधार नाही. तथापि आपली चित्रे कोणाकडे आहेत हे माहीत नसलेल्या चित्रकाराला पुढे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवता येत नाही, बनावट चित्र ओळखून देता येत नाही आणि पुनर्विक्रीचा हक्क बजावण्याची तर शक्यताच उरत नाही.

शिल्पकाराची स्थिती याहून बिकट आहे आणि तिच्याशी संचालनालयाचा थेट संबंध आहे. राज्यात सार्वजनिक ठिकाणी पुतळा उभारताना त्याच्या मातीच्या नमुन्याला, ज्याला व्यवहारात क्ले मॉडेल म्हणतात, कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. नमुन्यातील शरीरप्रमाण, चेहऱ्याचे साम्य आणि वेशभूषा तज्ज्ञांनी तपासावी हे सर्वस्वी योग्य आहे. परंतु मान्यता मिळेपर्यंत त्या नमुन्याचा भार कोण वाहतो, याची नोंद कोणत्याही प्रक्रियेत होत नाही. पूर्णाकृती मातीचा पुतळा ओल्या फडक्यांनी आणि प्लास्टिकने झाकून ठेवावा लागतो, रोज पाणी द्यावे लागते, नाहीतर माती तडकते, आणि त्या पाण्याने आतला लोखंडी सांगाडा गंजतो. समितीची बैठक लांबली, एखाद्या सदस्याने चेहऱ्यात बदल सुचवला, निवडणुकीची आचारसंहिता लागली, की शिल्पशाळेची जागा महिनोन्महिने अडकते आणि दुसरे काम घेता येत नाही. त्यानंतर साचा, फायबर किंवा मेणाची प्रत, ब्राँझचे ओतकाम आणि चौथऱ्यावर उभारणी असे टप्पे येतात, आणि त्यांतील ओतकामाचा खर्च धातूच्या भावावर अवलंबून असतो. काम स्वीकारताना ठरलेली एकूण रक्कम तशीच राहते आणि वर्षभराने ब्राँझचा भाव वाढलेला असतो, तेव्हा ती वाढ शिल्पकाराच्या पदरात पडते. नगरपालिका किंवा पुतळा समिती लोकवर्गणीवर अवलंबून असेल, तर शेवटचा हप्ता अनावरणाच्या सोहळ्यानंतर मिळवणे किती कठीण असते हे कोल्हापूर, पुणे आणि कोकणातील शिल्पशाळांना चांगले ठाऊक आहे. मातीचा नमुना मान्य झाल्यावर अमुक टक्के, साचा झाल्यावर अमुक टक्के, धातू खरेदीच्या वेळी त्या दिवसाच्या भावाने रक्कम, आणि मान्यतेस ठराविक दिवसांहून अधिक विलंब झाल्यास दरमहा जागेचे भाडे, असे हप्त्यांचे वेळापत्रक करारात असणे हा यावरचा उपाय आहे.

थकलेल्या पैशांसाठी एक कायदा उपलब्ध आहे, पण कलावंत स्वतःला उद्योजक समजत नसल्यामुळे तो सहसा वापरला जात नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून वस्तू अथवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, परंतु कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात; न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. पुतळ्याच्या उभारणीसारखे काम कार्यकंत्राट आहे, म्हणून त्याला हा कायदा लागू नाही, असा बचाव समोरून होऊ शकतो, म्हणून करारात शिल्पाची किंमत आणि उभारणीचा खर्च वेगळे दाखवणे शहाणपणाचे. करांबाबत थोडक्यात सांगायचे तर सप्टेंबर २०२५ पासून चित्रे व शिल्पे यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, केवळ वस्तू विकणाऱ्याला वार्षिक ४० लाख आणि सेवा देणाऱ्याला २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत महाराष्ट्रात सामान्यतः नोंदणी करावी लागत नाही, आणि मानधनातून आधीच कापला गेलेला उद्गम कर विवरणपत्र न भरल्यामुळे सरकारकडेच पडून राहण्याची उदाहरणे कमी नाहीत.

कलावंताने हिशेबात लक्ष घातले तर कलेची शुद्धता नासते, असा आक्षेप ज्येष्ठ शिक्षकांकडून येतो आणि तो प्रामाणिकपणे घेतला जातो, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यावे लागेल. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि अखेर कर्जाच्या ओझ्याने तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. त्यानंतरही त्या छपाईची देवादिकांची चित्रे घरोघरी पोहोचत राहिली, पण तो उद्योग चित्रकाराचा उरला नव्हता. चित्रकाराने व्यवसायात उतरावे की नाही याचे उत्तर या प्रसंगातून मिळत नाही. मिळतो तो एवढाच बोध की छापण्याचा हक्क हीच तेथील खरी संपत्ती होती. मराठी मासिकांच्या जगात मूळचे गोव्याचे असलेले चित्रकार दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी हे आपल्या परीने ओळखले. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचे ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केले आणि मुळगावकरही प्रकाशनात उतरले, त्यामुळे आपले चित्र कसे छापावे, कोठे वापरावे आणि त्यातून काय मिळावे याचा निर्णय त्यांच्याकडे राहिला. त्यांच्या रेषेची शुद्धता यामुळे कमी झाली असे कोणीही म्हणणार नाही. प्रत्येक चित्रकाराला प्रकाशक होणे शक्य नसते आणि इष्टही नसते. ज्याला ते होता येत नाही त्याच्यासाठीच करार असतो. उलट पैशांच्या विवंचनेत असलेला चित्रकार ग्राहकाला आवडेल तेच पुन्हा पुन्हा काढू लागतो, आणि शुद्धतेला खरा धोका तेथे आहे.

हिशेब आणि करार यांनी सर्व अन्याय संपतो असेही नाही, हे शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या प्रकरणावरून दिसते. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी १९५७ मध्ये सांगितलेले त्यांचे ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये शिल्पकाराला न विचारता उतरवले गेले आणि त्याची हानी झाली. प्रताधिकार सरकारकडे गेलेला होता, तरीही कायद्याच्या कलम ५७ मधील नैतिक हक्क, म्हणजे आपल्या कलाकृतीची आपल्या प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा कलावंताचा स्वतंत्र हक्क, दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मान्य केला, ५ लाख रुपयांची भरपाई दिली आणि शिल्पाचे अवशेष शिल्पकाराकडे परत करण्यास सांगितले. निकाल ऐतिहासिक आहे, पण शिल्प उतरवले गेल्यापासून तो येईपर्यंत २६ वर्षे गेली. एवढा काळ लढण्याचे बळ प्रत्येक शिल्पकाराकडे नसते, आणि म्हणून सार्वजनिक कामाच्या करारातच स्थलांतर किंवा दुरुस्तीपूर्वी शिल्पकाराला कळवण्याची अट असावी.

संचालनालयाकडे या पत्राची मागणी मर्यादित आहे. पदविका आणि पदवीच्या अखेरच्या वर्षी रेखा व रंगकला आणि शिल्पकला या दोन्ही शाखांत कलाव्यवहाराचा एक सक्तीचा विषय असावा, आणि त्याची परीक्षा व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी विद्यार्थ्याकडून प्रत्यक्ष कन्साइनमेंटची पावती, सांगून घेतलेल्या व्यक्तिचित्राची चिठ्ठी आणि प्रदर्शनाचा जमाखर्च लिहून घेऊन व्हावी. हे नमुने सोप्या मराठीत तयार करून संचालनालयाने सर्वांसाठी खुले करावेत, जेणेकरून वीस वर्षांपूर्वी पदविका घेतलेल्या चित्रकारालाही ते वापरता येतील. राज्य कला प्रदर्शनाच्या प्रवेशपत्रिकेत पारितोषिकप्राप्त कृती कोठे व किती काळ छापल्या जातील याची मर्यादा स्पष्ट असावी, कारण शासनाचा अर्ज हाच बहुतेक विद्यार्थ्यांच्या आयुष्यातील पहिला करार असतो. शासकीय स्पर्धांत संकल्पचित्रे आणि नमुने मागवताना अंतिम फेरीतील प्रत्येकाला खर्चापुरते मानधन मिळावे. कलम ५३-अ मधील वाट्याची टक्केवारी ठरवण्यासाठी आणि तो गोळा करणारी यंत्रणा उभी करण्यासाठी राज्याने केंद्राकडे पाठपुरावा करावा, आणि त्या कामी संचालनालयाने पुढाकार घ्यावा. ज्या राज्यात जे. जे. आहे त्या राज्याच्या आग्रहाला वजन असेल. आणि मातीच्या नमुन्याच्या मान्यतेसाठी येणाऱ्या प्रस्तावासोबत शिल्पकार आणि पुतळा समिती यांच्यातील, हप्त्यांचे वेळापत्रक असलेला स्वाक्षरीचा करार जोडलेला नसेल, तर तो प्रस्ताव परीक्षणासाठी घेऊ नये.

आपला विश्वासू,
दृश्यकलेच्या अर्थव्यवहाराचा एक अभ्यासक